लिंकची मांडणी आणि गुगल सर्च: सोलापूरच्या वेबसाइटवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चादर-टॉवेलचे व्यापारी, घरून शेंगा चटणी विकणाऱ्या ताई, क्लासवाले, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूरच्या भाविकांसाठी लॉज चालवणारे आणि या सगळ्यांच्या साइट बनवून देणारी मुलं यांच्याकडून लिंकबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. नमुन्याचे पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. इंग्रजी अक्षरांतलाच पत्ता हवा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. लिंकचं फॉरमॅटिंग म्हणजे नेमकं काय काय?

चार गोष्टी. लिंक जिथे नेते तो पत्ता म्हणजे यूआरएल. ती लिंक पानाच्या कोडमध्ये कशी लिहिली आहे. वाचकाला दिसणारे शब्द म्हणजे अँकर टेक्स्ट. आणि लिंकला जोडलेली सूचना, म्हणजे नोफॉलोसारखे शब्द (प्रश्न १५). लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डला असताना पेजरँकची पद्धत मांडली, तेव्हापासून गुगलसाठी लिंकची कामं दोन: पान सापडणं आणि ते पान कशाबद्दल आहे, किती महत्त्वाचं आहे हे कळणं. पहिलं काम अडलं तर पान सर्चमध्ये येतच नाही. दुसऱ्यात कसर राहिली तर पान थोडं मागे पडतं. म्हणून दुरुस्तीला बसाल तेव्हा आधी प्रश्न ५, ९ आणि ११ मधल्या गोष्टी तपासा, शब्दांची कारागिरी नंतर.

२. लिंक निळी, ठळक, अधोरेखित असली तर रँकिंग वाढतं का?

नाही. रंग हा वाचकासाठी आहे. गुगलच्या एका पेटंटमध्ये (अर्ज २००४, मंजुरी २०१०) वाचक कुठल्या लिंकवर क्लिक करण्याची शक्यता जास्त, यावरून लिंकचं वजन ठरवण्याची कल्पना आहे आणि त्यात अक्षरांचा आकार, पानावरची जागा अशी उदाहरणं आहेत. पण पेटंट असणं म्हणजे ते तसंच वापरात असणं नव्हे. मजकुराच्या ओघात आलेली, सहज दिसणारी लिंक चांगली, एवढंच त्यातून घ्या.

उलट बाजू मात्र पक्की आहे. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लपवलेल्या लिंक, शून्य आकाराची अक्षरं, एका पूर्णविरामाला दिलेली लिंक हे सगळं गुगलच्या धोरणात स्पॅम ठरतं आणि त्यासाठी कारवाई होते.

३. ‘इथे क्लिक करा’ लिहिलं तर काय बिघडतं? मग लिंकला नाव काय द्यायचं?

साइट बंद पडत नाही, पण संधी वाया जाते. लिंकच्या शब्दांवरून गुगल पुढच्या पानाचा विषय ताडतं. ‘इथे क्लिक करा’, ‘अधिक वाचा’, ‘पुढे’ या शब्दांतून काहीच कळत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकालाही पानावरच्या लिंकची यादी ऐकताना दहा वेळा ‘अधिक वाचा’ एवढंच ऐकू येतं.

‘चादरीच्या दरासाठी इथे क्लिक करा’ यात लिंक शेवटच्या तीन शब्दांना असते. ती ‘डबल बेड सोलापुरी चादरीचे दर’ या शब्दांना द्या. पारख सोपी आहे: आजूबाजूचं वाक्य झाकून फक्त लिंकचे शब्द वाचा. पुढे काय उघडेल हे कळलं तर नाव बरोबर. साधारण दोन ते सहा शब्द पुरतात. अख्ख्या परिच्छेदाला लिंक दिली तर त्यातला मुद्दा हरवतो.

मराठीत एक अडचण हमखास येते. कीवर्ड ‘सोलापुरी चादर’ आहे म्हणून लोक वाक्य मोडून तोच शब्द जसाच्या तसा घुसवतात: ‘आमच्याकडे सोलापुरी चादर चे दर’. असं करू नका. ‘चादरीचे’, ‘चादरींवर’, ‘चादरी’ अशी रूपं वाक्याप्रमाणे येऊ द्या. साइटभर प्रत्येक लिंकला एकच ठरीव शब्दसमूह असण्यापेक्षा हा नैसर्गिक फरकच बरा. आणि दोन लिंक एकमेकींना चिकटवून ठेवू नका. मध्ये चार शब्द असले की कुठली कुठे जाते हे वाचकालाही कळतं, गुगललाही.

४. आमच्या साइटवर लिंक शब्दांना नाही, फोटोला आहे. चालेल का?

चालेल, पण मग फोटोचा ऑल्ट मजकूर, म्हणजे कोडमध्ये फोटोला दिलेलं वर्णन, हाच अँकर टेक्स्ट धरला जातो. तो रिकामा असेल तर लिंक मुकी राहते. मोबाइलवरून चढवलेल्या फोटोच्या फाइलचं नाव आकड्यांचं असतं आणि काही थीम तेच नाव ऑल्टमध्ये टाकतात, ते बदला. ‘लाल काठाचा जकार्ड टॉवेल, ३० बाय ६० इंच’ असं, चित्रात जे आहे तेच लिहा. सीएसएसने पार्श्वभूमीत टाकलेल्या चित्राला ऑल्ट देता येत नाही, तिथे लिंकमध्ये शब्द हवेतच.

५. मेनू दिसतो, दाबला की पान उघडतं, तरी गुगलला आतली पानं सापडत नाहीत. का?

बहुतेक वेळा ती खरी लिंक नसते. गुगलच्या क्रॉलरला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, लिंक म्हणून एकच रचना भरवशाने कळते: ए टॅग आणि त्याच्या आत एचरेफमध्ये लिहिलेला पत्ता. स्पॅन किंवा बटण टॅगला ऑनक्लिक लावून जावास्क्रिप्टने पान उघडलं तर माणसाचं काम होतं, पण क्रॉलर बटणं दाबत फिरत नाही. तयार टेम्प्लेट घेऊन घाईत बनवलेल्या साइटवर हा दोष फार आढळतो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. संगणकावर मेनूतल्या नावावर उजवं क्लिक करा. ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ असा पर्याय आला तर बहुधा खरी लिंक आहे, आला नाही तर नाही. मग सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठीचं गुगलचं साधन) यूआरएल तपासणीत मुखपृष्ठाचा पत्ता टाका, लाइव्ह चाचणी चालवा आणि ‘चाचणी केलेलं पान’ उघडून एचटीएमएल पाहा. त्यात एचरेफ शोधा. आतल्या पानांचे पत्ते तिथे दिसले पाहिजेत. जावास्क्रिप्टने मागाहून तयार होणारा ए टॅग गुगल पान रेंडर करून, म्हणजे ब्राउझरसारखं उघडून, वाचतं, त्यामुळे तो चालतो. पण पान खाली सरकवल्यावर किंवा ‘आणखी दाखवा’ दाबल्यावरच अवतरणारी उत्पादनं निसटतात. त्यांच्यासाठी ‘पान २’, ‘पान ३’ अशा साध्या लिंकही ठेवा.

साइटमॅपने, म्हणजे साइटवरच्या पत्त्यांच्या यादीच्या फाइलने, पत्ते गुगलपर्यंत पोचतात हे खरं, पण ज्या पानाला साइटवर एकही लिंक नाही त्याला साइटवालाच महत्त्व देत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

६. पत्ता मराठीत ठेवावा की इंग्रजी अक्षरांत?

गुगल दोन्ही नीट वाचतं आणि निकालात मराठी पत्ता मराठीतच दाखवतं. अडचण येते ती पत्ता दुसरीकडे पाठवताना. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकाच्या साठवण-पद्धतीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात एक बाइट म्हणजे टक्क्याची खूण व दोन अक्षरं. म्हणजे एका चिन्हामागे नऊ जागा. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. ‘सोलापूर’ या नावात सात चिन्हं आहेत. कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवलं की ते ६३ जागांचं टक्केवारी-जंजाळ होऊ शकतं. ते पाहून लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते आणि एखादं अक्षर कापलं गेलं तर पान उघडतच नाही.

आमचा सल्ला असा. ज्या पानांची लिंक हातोहात फिरणार आहे, म्हणजे दरपत्रक, खोली बुकिंग, प्रवेश अर्ज, त्यांचा पत्ता इंग्रजी अक्षरांत, छोटा, फोनवर सांगता येईल असा ठेवा. लेखांचे पत्ते मराठीत ठेवायला हरकत नाही. रँकिंगसाठी म्हणून मराठीचा इंग्रजी किंवा इंग्रजीचा मराठी पत्ता करत बसू नका. पत्त्यातल्या शब्दांचं वजन फारच कमी असतं आणि पत्ता बदलण्याचा त्रास त्याहून कितीतरी मोठा (प्रश्न १३).

७. वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षकाचा पत्ता मधेच तुटतो. असं का होतं?

वर्डप्रेस पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे स्लग, टक्केवारीच्या रूपात साठवतं आणि त्याला २०० जागांची मर्यादा आहे. एका चिन्हाला नऊ जागा (प्रश्न ६), म्हणजे शब्दांमधल्या रेघा धरून जेमतेम २१-२२ चिन्हं मावतात. ‘सोलापुरी चादर कशी ओळखावी’ यात २१ चिन्हं आणि तीन रेघा, एकूण १९२ जागा; बसतं. त्यात ‘अस्सल’ घातलं की पाच चिन्हं आणि एक रेघ वाढून २३८ होतात आणि ‘सोलापुरी-चादर-अस्सल-कशी-ओ’ इथे पत्ता तुटतो.

तुटका पत्ता चालतो, रँकिंगला त्याने धक्का बसत नाही, पण तो केविलवाणा दिसतो. शिवाय दोन लांब शीर्षकांची सुरुवात सारखी असेल तर दुसऱ्याच्या शेवटी -२ चिकटतो. उपाय एकच: पोस्ट प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये स्लग हाताने लिहा, तीन-चार शब्दांत. शीर्षक हवं तितकं लांब राहू द्या.

८. ब्लॉगरवर मराठी शीर्षक दिलं तरी पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट’ असाच का येतो?

ब्लॉगर आपोआप पत्ता बनवताना देवनागरी अक्षरं गाळतं. शीर्षकात इंग्रजी काहीच नसेल तर उरतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा. पोस्ट लिहितानाच पर्मालिंकमध्ये ‘कस्टम’ निवडा आणि इंग्रजी अक्षरांत दोन-चार शब्द टाका. देवनागरी तिथे स्वीकारली जात नाही. जुन्या पोस्टचे पत्ते मात्र आहेत तसेच राहू द्या.

९. पत्ता हुबेहूब सारखा दिसतो, तरी एक लिंक चालते आणि दुसरी ४०४ (पान सापडलं नाही) दाखवते. हे कसं?

मराठीतला हा सगळ्यात फसवा दोष. डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरं संगणकासाठी वेगळी असू शकतात. ‘ॲप’ मधला ‘ॲ’ आज एक स्वतंत्र चिन्ह म्हणून टाइप होतो. जुने कीबोर्ड तोच अ, न दिसणारा जोडक आणि चंद्र अशा तीन चिन्हांनी बनवत. ‘व्यापाऱ्यांसाठी’ मधला अर्धा र सुद्धा दोन रीतींनी उमटतो: ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. नुक्त्याच्या अक्षरांचंही तेच. पत्ता एका रीतीने साठवलेला आणि लिंक दुसऱ्या रीतीने टाइप केलेली असेल तर सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी पानं होतात.

म्हणून मराठी पत्ता हाताने टाइप करून लिंक कधीच देऊ नका. पान उघडून पत्त्याच्या पट्टीतून कॉपी करा. पीडीएफमधून कॉपी केलेल्या शब्दांत तर अशी अदृश्य चिन्हं हमखास येतात. शंका आली तर दोन्ही पत्ते टक्केवारीच्या रूपात एका फाइलमध्ये एकाखाली एक ठेवा, फरक लगेच दिसतो. आणि नवा पत्ता ठरवतानाच ॲ, अर्धा र असलेले शब्द टाळता आले तर टाळा. ‘व्यापारी-दर’ने काम भागत असेल तर ‘व्यापाऱ्यांसाठी-दर’ कशाला?

१०. शब्दांमध्ये आडवी रेघ द्यावी की अंडरस्कोर? पत्त्यात कीवर्ड किती घालावेत?

आडवी रेघ. अंडरस्कोरने जोडलेले शब्द एकच शब्द म्हणून वाचले जाऊ शकतात, म्हणून गुगलच्या मार्गदर्शनात रेघेचीच शिफारस आहे. मोकळी जागा नकोच, तिची टक्के-वीस होते. इंग्रजी अक्षरं सगळी लहान लिपीत ठेवा, कारण डोमेननंतरच्या भागात लहान-मोठ्या अक्षरांचे पत्ते वेगळे मोजले जातात. एक कीवर्ड एकदाच. ‘चादर-सोलापुरी-चादर-स्वस्त-चादर’ अशा पत्त्याने काही मिळत नाही, ग्राहकाला मात्र तो खोटा वाटतो. जुन्या पानांत अंडरस्कोर असतील तर राहू द्या.

११. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह, त्याशिवाय, शेवटी स्लॅश, बिनस्लॅश: एकच पान चार पत्त्यांवर उघडतं. बिघडतं का?

गुगल शिक्षा करत नाही, पण त्यातला मुख्य पत्ता कुठला हे त्याला ठरवावं लागतं आणि तो तुम्हाला हवा तोच असेल असं नाही. तोपर्यंत तुमच्या लिंक चार पत्त्यांत विभागलेल्या असतात. डोमेनच्या लगेच पुढचा स्लॅश असला-नसला तरी एकच. आतल्या पानांच्या शेवटचा स्लॅश मात्र वेगळा पत्ता बनवतो.

करायचं ते असं. एक रूप निवडा, एचटीटीपीएसचंच. २०१४ पासून तो एक छोटा रँकिंग संकेतही आहे. बाकी सगळ्या रूपांवरून सर्व्हरच्या पातळीवर ३०१ (नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) लावा. प्रत्येक पानावर त्याच रूपाचा कॅनॉनिकल (‘मुख्य पत्ता हा’ असं सांगणारी कोडमधली ओळ) द्या, साइटमॅपमध्ये तेच रूप ठेवा आणि मेनू, फूटर, लेखातल्या लिंकही त्याच रूपात लिहा. शेवटची पायरी लोक विसरतात. कॅनॉनिकल हा हुकूम नसून संकेत आहे. साइटवरच्या लिंक एका पत्त्याकडे आणि कॅनॉनिकल दुसऱ्याकडे असला की गुगल कॅनॉनिकल बाजूला ठेवू शकतं.

एचटीटीपीएस घेतल्यावर लेखांच्या आत जुन्या एचटीटीपी लिंक तशाच राहतात. एकदा डेटाबेसमध्ये ‘शोधा आणि बदला’ चालवा, आधी बॅकअप घेऊन.

१२. चादरींना रंग, आकार, किंमत असे फिल्टर आहेत. प्रत्येक निवडीला वेगळा पत्ता तयार होतो. काय करावं?

आठ रंग, चार आकार आणि तीन किंमतपट्टे असले तर तिन्ही फिल्टर मिळून ९६ पत्ते होतात. फिल्टरचा क्रम बदलला तरी पत्ता बदलत असेल तर कितीतरी अधिक. क्रॉलरचा वेळ त्यात जातो आणि नवं उत्पादन उशिरा सापडतं.

आधी ठरवा, कुठली निवड लोक खरोखर शोधतात. ‘डबल बेड सोलापुरी चादर’ शोधली जाते. तिला स्वतःचं पान, स्वतःचा साधा पत्ता आणि मेनूतून लिंक द्या. ‘हिरवी, ४०० ते ६००, नवीन आधी’ हे कुणी शोधत नाही. तसल्या पत्त्यांना मूळ यादीचा कॅनॉनिकल द्या, किंवा पत्ते फारच वाढले असतील तर रोबोट्स फाइलमध्ये (क्रॉलरने काय उघडू नये हे सांगणारी फाइल) ते पॅरामीटर, म्हणजे फिल्टरमुळे पत्त्याला जोडले जाणारे शब्द, अडवा. दोन्ही एकदम करू नका: अडवलेलं पान गुगल उघडत नाही, त्यामुळे त्यातला कॅनॉनिकल त्याला दिसतच नाही. सर्च कन्सोलमधलं यूआरएल पॅरामीटरचं साधन २०२२ मध्ये बंद झालं. ते वापरायला सांगणारे जुने व्हिडिओ सोडून द्या.

आणि जाहिरात मोहिमेचा हिशेब ठेवायला पत्त्याच्या शेवटी जोडतात ते यूटीएम शब्द स्वतःच्या साइटमधल्या लिंकना लावू नका. ग्राहक मुळात कुठून आला हे ॲनालिटिक्समध्ये पुसलं जातं आणि पत्तेही वाढतात. ते बाहेरून येणाऱ्या लिंकसाठी आहेत; गुगल बिझनेस प्रोफाइलवरच्या वेबसाइट लिंकला जरूर लावा.

१३. साइट नवीन केली, सगळे पत्ते बदलले आणि गुगलवरून येणारे लोक एकदम कमी झाले. आता?

जुने पत्ते ४०४ देत असतील तर त्यांना बाहेरून मिळालेल्या लिंकची सगळी कमाई अडकून पडली आहे. ती परत मिळवता येते, लवकर हात घातला तर. जुन्या पत्त्यांची यादी तीन ठिकाणी मिळते: सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स अहवाल, जुना साइटमॅप आणि बॅकअप. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याच विषयाचं नवं पान लिहा आणि एकेकाला ३०१ लावा.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, सगळं काही मुखपृष्ठावर वळवणं. ‘नॅपकिनचे दर’ शोधणारा मुखपृष्ठावर आला तर गुगल ते ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे पान नसल्यासारखंच, धरतं आणि जुन्या पानाची पत मुखपृष्ठाला मिळत नाही. विषय जुळणारं पान नसेल तर ४०४ किंवा ४१० (पान कायमचं काढलं) राहू द्या, तेच प्रामाणिक. दुसरी, साखळी: जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर. गुगलबॉट, म्हणजे गुगलचा क्रॉलर, दहा टप्प्यांपर्यंत जातो, पण प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो आणि पुढच्या दुरुस्तीत मधली कडी कुणीतरी हमखास काढून टाकतं. सगळे जुने पत्ते थेट शेवटच्या पत्त्यावर न्या. तिसरी, कायमच्या बदलाला ३०२ लावणं. ३०२ म्हणजे तात्पुरतं, त्यामुळे सर्चमध्ये जुनाच पत्ता रेंगाळतो. चौथी, दोन महिन्यांत ३०१ काढून टाकणं. गुगल किमान एक वर्ष ठेवायला सांगतं. आम्ही म्हणू, जमेल तोवर राहू द्या.

वर्डप्रेसवाल्यांसाठी एक बारकावा. ‘पोस्ट’चा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुन्यावरून नव्यावर आपोआप नेतं. ‘पेज’ या प्रकाराला ही सोय नाही. आणि दुकानांची महत्त्वाची पानं, म्हणजे दर, संपर्क, शाखा, ही नेमकी पेज असतात.

डोमेनच बदललं असेल तर या सगळ्यानंतर सर्च कन्सोलमध्ये ‘पत्ता बदल’चं साधन वापरा.

१४. गड्डा यात्रा, हुरडा पार्टी, वारी: दरवर्षी नवं पान करावं की जुनंच?

जुनंच. पत्त्यात साल घालू नका. ‘गड्डा-यात्रा-लॉज-बुकिंग’ हा पत्ता कायम ठेवा आणि दर वर्षी डिसेंबरात तारखा, दर, पार्किंगची माहिती बदला. सिद्धेश्वर यात्रा, म्हणजेच गड्डा यात्रा, जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास असते, हुरड्याचा हंगाम थंडीत, आषाढीची गर्दी पावसाळ्यात. म्हणजे प्रत्येक पानाला वर्षातून थोडेच दिवस मागणी असते. त्या पानाला इतक्या वर्षांत मिळालेल्या लिंक एकाच पत्त्यावर साठत गेल्या तर पुढच्या हंगामात पान शून्यापासून सुरू होत नाही. हंगाम संपल्यावर पान काढून टाकू नका, मेनूतून खाली न्या, फूटरमध्ये एक लिंक राहू द्या. आधीच सालवार पानं झाली असतील तर सगळी एका कायम पत्त्यावर ३०१ करा.

१५. नोफॉलो, स्पॉन्सर्ड, यूजीसी: कुठे काय लावायचं?

नोफॉलो २००५ मध्ये आलं, बाकीची दोन २०१९ मध्ये. पैसे, माल किंवा मोबदला घेऊन दिलेल्या लिंकला स्पॉन्सर्ड. वाचकांनी प्रतिक्रियांत टाकलेल्या लिंकला यूजीसी. ज्या पानाची हमी घ्यायची नाही त्याला नोफॉलो. तिन्ही लावलेच पाहिजेत असं नाही, मोबदल्याच्या लिंकला जुनं नोफॉलोही चालतं. बाकीच्या नेहमीच्या लिंकला काहीच लावायचं नसतं. ‘डूफॉलो’ नावाची सूचनाच नाही, ती कुणी विकत असेल तर घेऊ नका.

पान सर्चमध्ये येऊ नये म्हणून त्याच्या लिंकला नोफॉलो लावणं निरुपयोगी आहे. आता ही सूचना केवळ संकेत मानली जाते आणि गुगल दुसऱ्या वाटेने तिथे पोचतं. त्यासाठी त्या पानावरच नोइंडेक्स (‘हे पान सर्चमध्ये घेऊ नका’ ही सूचना) हवं, आणि ते पान रोबोट्स फाइलमध्ये अडवलेलं नसावं, नाहीतर नोइंडेक्स वाचलंच जाणार नाही.

१६. बाहेरच्या साइटला लिंक दिली तर आपली किंमत गळते का?

ही भीती सोडा. चादर आणि टॉवेलच्या भौगोलिक मानांकनाची माहिती देताना सरकारी नोंदणीची लिंक दिली, यात्रेच्या पानावर रेल्वेच्या वेळापत्रकाची दिली, तर वाचकाचं काम होतं. स्वतःच्या ‘संपर्क’, ‘अटी’ अशा पानांना नोफॉलो लावून उरलेली ताकद दुसरीकडे वळवण्याची युक्तीही २००९ पासून निकामी आहे. त्या लिंकचा वाटा बाकीच्यांना मिळत नाही, तो नुसता वाया जातो.

१७. लिंक नव्या टॅबमध्ये उघडली तर सर्चवर परिणाम होतो?

नाही.

१८. फूटरमध्ये अकराही तालुक्यांच्या नावांनी लिंक दिल्या तर प्रत्येक तालुक्यात वर येऊ का?

‘अक्कलकोटमध्ये क्लास’, ‘बार्शीत क्लास’, ‘मोहोळमध्ये’, ‘माढ्यात’, ‘करमाळ्यात’... करत अकरा पानं, सगळ्यांवर तोच मजकूर आणि फक्त गावाचं नाव बदललेलं. गुगलच्या धोरणात याला डोअरवे पानं म्हणतात आणि ती काढून टाकली जातात. पंढरपूर आणि सांगोल्यात खरोखर शाखा असेल तर दोन पानं करा: तिथला पत्ता, वेळ, शिक्षक, बसस्टँडवरून कसं यायचं, फोटो. आणि ‘आमच्या शाखा’ पानावरून त्या दोघांना लिंक द्या. जिथे फक्त कुरिअर पाठवता तिथे ‘कुठे कुठे पोचवतो’ असं एकच पान पुरे.

पानावर लिंक किती असाव्यात, याला आकडा नाही. शंभराची जुनी मर्यादा गुगलने केव्हाच सोडली. पण साठ नावांचा मेनू मोबाइलवर कुणी वाचत नाही. महत्त्वाचं पान मुखपृष्ठापासून दोन-तीन क्लिकच्या आत असावं आणि वर ‘मुखपृष्ठ › चादरी › डबल बेड’ अशी वाट दाखवणारी ओळ असावी, एवढं पाहा.

१९. ‘तीन हजारांत ५०० बॅकलिंक’ अशी ऑफर येते. घ्यावी का?

नाही. अशा लिंक बेवारस ब्लॉग आणि परदेशी डिरेक्टऱ्यांमध्ये, एकाच ठरीव अँकर टेक्स्टने टाकलेल्या असतात. गुगलचं २०१२ चं पेंग्विन अपडेट याच प्रकारासाठी होतं, २०१६ पासून ते मुख्य प्रणालीचा भाग आहे. आज बहुतेक वेळा गुगल अशा लिंक मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. आणि प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं असलं तर सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल, म्हणजे माणसाने तपासून केलेल्या, कारवाईची नोटीस येते.

आधीच घेतल्या असतील आणि नोटीस नसेल तर शांत राहा. नोटीस असेल तर आधी त्या काढून घेण्याचा प्रयत्न करा, ज्या निघत नाहीत त्यांची डिसअव्हाऊ यादी (‘या लिंक मोजू नका’ असं गुगलला सांगणारी) द्या आणि पुनर्विचाराचा अर्ज करा. अनोळखी साइटवरून आपोआप आलेल्या दोन-चार लिंक पाहून डिसअव्हाऊ वापरायला जाऊ नका. चांगल्या लिंकही चुकून त्यात जातात.

त्यापेक्षा तुमचा टॉवेल ठेवणाऱ्या दुकानदाराच्या साइटवर, ज्या शाळेला गणवेशाचं कापड देता तिच्या पानावर, यंत्रमागधारकांच्या संघटनेच्या सभासद यादीत नाव आणि लिंक आहे का ते पाहा. नसेल तर एक फोन करा.

२०. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुकवर टाकलेल्या लिंकने रँकिंग वाढतं का?

थेट नाही. समाजमाध्यमांवरच्या लिंकना सहसा नोफॉलो असतं आणि व्हॉट्सॲपचे खासगी संदेश गुगलला दिसत नाहीत. गिऱ्हाईक मात्र तिथूनच येतं, त्यामुळे पत्ता कसा दिसतो याला महत्त्व आहे (प्रश्न ६). साइटवरची सगळी उत्पादनं जर व्हॉट्सॲप कॅटलॉगकडे नेत असतील, स्वतःची पानं नसतीलच, तर सर्चमध्ये आणायला तुमच्याकडे काही उरत नाही. उत्पादनाचं पान आधी, ‘व्हॉट्सॲपवर विचारा’ हे बटण त्या पानावर.

२१. मराठी, इंग्रजी, शिवाय कन्नड आणि तेलुगू पानंही आहेत. लिंक कशा द्यायच्या?

प्रत्येक भाषेच्या पानाला वेगळा पत्ता हवा. भाषा निवडली की कुकीने मजकूर बदलतो आणि पत्ता तोच राहतो, अशी रचना असेल तर गुगलला एकच भाषा दिसते. क्रॉलर कुकी जपून ठेवत नाही. डोमेननंतर भाषेचा संक्षेप घालून चार विभाग करा आणि पानावर ‘ಕನ್ನಡ’, ‘తెలుగు’ न लिहिता झेंडे लावण्याचा मोह टाळून त्या त्या लिपीत भाषेचं नाव असलेली साधी लिंक ठेवा.

मग एचरेफलँग, म्हणजे याच पानाची इतर भाषांतली रूपं कुठे आहेत हे गुगलला सांगणारी नोंद. मराठीला एमआर, इंग्रजीला ईएन, कन्नडला केएन, तेलुगूला टीई हे संकेत, अर्थात इंग्रजी अक्षरांत. नियम कडक आहे: प्रत्येक पानाने स्वतःसकट चारही पानांची नोंद द्यायची. मराठी पान कन्नड पानाकडे बोट दाखवतं आणि कन्नड पान परत दाखवत नाही, तर ती जोडी धरली जात नाही. आणि चारही पानांचा कॅनॉनिकल मराठी पानाकडे ठेवू नका, नाहीतर बाकीची तीन सर्चमधून गळतील. ज्याचा त्याचा कॅनॉनिकल ज्याच्या त्याच्याकडे.

२२. पत्त्यात हॅशची खूण असलेली पानं सर्चमध्ये का येत नाहीत?

हॅशनंतरचा भाग त्याच पानातली जागा दाखवण्यासाठी असतो. गुगल तो सोडून देतं. लांब दरपत्रकात ‘नॅपकिन’ विभागापाशी उडी मारायला तो उत्तम. पण काही एकपानी साइट प्रत्येक ‘पान’ हॅशनेच उघडतात; गुगलच्या लेखी ते सगळं एकच मुखपृष्ठ असतं. बनवणाऱ्याला हिस्ट्री एपीआय वापरून खरे पत्ते द्यायला सांगा, आणि प्रत्येक पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकल्यावर सर्व्हर २०० (पान सापडलं) देतो ना, हे साइट ताब्यात घेण्याआधी स्वतः तपासा.